पोर्ट हॅलेटचा मामा

१२ मार्च २०१७

जेरोम,

आधी वर 'प्रिय' लिहिलं होतं. तो कागद फाडला आणि हा दुसरा घेतला. फोन करणार नाही. फोनवर मला रडू येतं आणि तू मूग गिळून बसतोस. पत्रात शिव्या नीट देता येतात, शिवाय मराठीत लिहिलं की तुझ्या त्या गावात वाचणारं दुसरं कुणी नाही.

आधी कामाचं. क्रिस्टाचं लग्न ठरलंय. एकोणीस ऑगस्ट, शनिवार. मुलगा नायजेल, मिसिसागाचा, आईबाप मूळचे आपल्या गिरीजकडच्याच नंदाखालचे. आदल्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, उंबराचं पाणी. विसरला असशील म्हणून सांगते: बँड लावून विहिरीवर जायचं, नवरीच्या आंघोळीचं पाणी आणायचं, आणि पहिला तांब्या मामाने बुडवायचा. माझ्या लग्नात बस्त्यावमामा गिरीजच्या विहिरीत तोल जाऊन पडणार होता, त्याची पँट तूच मागून धरून ठेवली होतीस. इथे विहीर कुठली? पाणी नदीचंच आणणार. घरासमोर सेंट क्लेअर वाहतेय, तिला काय धाड भरलीय.

क्रिस्टाला मामा एकच, तो तू. पलीकडच्या काठावर राहतोस, मधली नदी हीच कॅनडाची हद्द. माझ्या किचनच्या खिडकीतून तुमच्या गावाची पाण्याची टाकी दिसते, तिच्यावरचं पोर्ट हॅलेट हे नाव चष्म्याशिवाय वाचता येतं. आईने हट्ट केला म्हणून रिटायर झाल्यावर विंडसर सोडून आम्ही या आडगावात घर घेतलं. "निदान जेरोमच्या घराचा धूर तरी दिसेल," म्हणायची. धूर कसला, तुमच्या वीजकारखान्याच्या चिमण्या. त्यांच्याकडे बघून ती तुझ्यासाठी माळ जपायची.

ती गेली तेव्हा तू मातीला आला नाहीस. तीन वर्षं झाली. तेव्हाच मी तिच्या थडग्यापाशी शपथ घेतली, तू इथे येऊन गुडघे टेकेपर्यंत मी तुझ्या गावात पाऊल ठेवणार नाही. ती शपथ आहे तशी आहे. पण पोरीच्या लग्नासाठी मी माझी मान खाली घालते आणि बोलावते. ये. फेरीबोटीने निघालास तर चहा निवायच्या आत पोचशील.

नाही आलास तर तुझ्या पास्कलभावोजींच्या चुलतभावाकडून तांब्या बुडवून घेईन, आणि मला भाऊ नव्हताच असं समजेन. हे रागाने लिहीत नाही. रागाने लिहिलं असतं तर वेगळं लिहिलं असतं.

सेलीन

३० एप्रिल २०१७

जेरोम,

तुझं कार्ड मिळालं. पुढे गावाचं चित्र, झेंडे, नावा, आइस्क्रीमचं दुकान, वर लिहिलेलं की इथे नांगर टाका. मागे तुझ्या अक्षरात, बहिणीला लहानपणीची हाक मारून: "बाय, जमणार नाही. कारण विचारू नकोस. क्रिस्टाला आशीर्वाद."

वा रे वा! उंटावरून शेळ्या हाकतोय साहेब. आशीर्वाद म्हणे पोस्टाने!

कारण विचारू नको कसं? कारण मला माहीत आहे. दोन हजार नऊ साली, ईस्टरला, आई तुझ्याशी फोनवर बोलत होती. स्पीकर मीच लावला होता. तू म्हणालास, "आई, कागद झाले. आता मी इथला कायमचा. कुठेही जाऊ-येऊ शकतो." आईने त्या दिवशी सणासुदीचे फुगे तळले. मैदा कमी पडला म्हणून मी भर थंडीत ग्रोसरीला गेले. तेव्हा कागदाची सबब मला सांगू नकोस. जहाजावरून पळालास, इंजिनरूमचा माणूस, खिशात कवडी नाही, तेव्हा येत नव्हतास ते समजत होतं. पुढे कागद झाले आणि तरी आईच्या मातीला आला नाहीस. त्याला एकच नाव आहे, मस्ती.

आणि ती मस्ती तुला त्या गावाने चढवलीय. मी रोज बघते ना त्यांना. काय गाव आहे! गाड्या विकणाऱ्याच्या आवारात झेंडा केवढा, तर त्यात आमची सगळी आळी झोपेल. बर्फ वितळायच्या आत नावा पाण्यात. माणसं काठावर खुर्च्या टाकून बिअरचे डबे घेऊन बसतात आणि अख्खा दिवस नदीकडे बघतात, जशी काही नदी पळून जाणार आहे. मी कपडे वाळत घालायला बाहेर आले की पलीकडून हात हलवतात. ओळख ना पाळख! मी आत जाऊन पडदा ओढते. गेल्या पानगळीत त्यांच्या अंगणाअंगणात पाट्या होत्या, परक्यांना घालवा अशा अर्थाच्या. पास्कलने दुर्बिणीतून वाचून दाखवल्या. अशा लोकांत तू वीस वर्षं राहतोस, त्यांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करतोस, त्यांच्याबरोबर बिअर पितोस. तू परका नाहीस का रे? की तुझा रंग उडाला?

आणि तो बँड! शाळेच्या पोरांचा. शुक्रवार आला की सुरू. ढोल एकीकडे, तुताऱ्या दुसरीकडे. वारा आमच्या बाजूचा असला की माझ्या भिंतीवरचा आईचा फोटोसुद्धा थरथरतो. गिरीजच्या बँडवाल्यांनी ऐकलं असतं तर वाद्यं खाली ठेवून मिशनमध्ये फादर व्हायला गेले असते.

क्रिस्टा म्हणते, "मॉम, लेट इट गो." असं कसं सोडून देऊ? कारण कळव. दोन ओळींत नको.

सेलीन

५ जुलै २०१७

जेरोम,

उत्तर नाही. काल रात्रभर तुमची दारूकामं, आकाशभर फटाके. एक तारखेला आमचीही झाली, कॅनडाची दीडशे वर्षं, पण आम्ही दहाला बंद केली. तुमची संपतच नाहीत. पास्कलचा कुत्रा बेसमेंटमध्ये वॉशरमागे जाऊन बसला, सकाळी ओढून काढावा लागला.

आमंत्रणं छापून आली. आपल्यात मामाचं नाव घालतात, म्हणून मी घातलं. "मामा: श्री. जेरोम." पास्कल म्हणाला, येत नाही म्हणतोय तर कशाला घालतेस, लोक विचारतील. विचारू देत. लोकांना काय सांगायचं ते ठरवलंय: मामा आहे, डोळ्यांना दिसतो, पण हाताला लागत नाही.

टोरोंटोहून सगळी येणार. फ्लोरीमावशी व्हीलचेअरमध्ये येणार, एवढ्या लांबून, अंगात दोन स्टेंट घालून. तुझ्या अंगात काय आहे रे? एक हाडसुद्धा मोडलेलं नाही.

आई शेवटच्या आठवड्यात कुणालाच ओळखत नव्हती, हे तुला कधी सांगितलं नाही. मला नर्स म्हणायची. होतेच मी नर्स, म्हणून मी काही बोलले नाही. पण खिडकीकडे पलंग फिरवला की म्हणायची, "जेरोमकडे दिवे लागले." मी नर्स झाले आणि तू दिवा झालास. चाळीस वर्षं तिचं सगळं मी केलं.

यापुढे लिहिणार नाही.

सेलीन

३० जुलै २०१७

जेरोम,

लिहिणार नव्हते. पण काल तुमच्या गावची एक बाई माझ्या दारात उभी राहिली, म्हणून लिहावं लागतंय.

मिसेस कोव्हाल्स्की. डोरीन म्हण, म्हणाली. शाळेत बँड शिकवते. ऐकल्याबरोबर माझं डोकं सटकलं. म्हटलं, तुम्हीच का त्या! ती हसली. त्या गावातली माणसं हसतात फार. हातात ब्लूबेरीचा पाय, त्यांची ती भाजलेली गोड पोळी, फडक्यात बांधलेली. मी तिला दारातच उभी ठेवली. चहा विचारला नाही. हे मुद्दाम सांगतेय, म्हणजे तुला नंतर तिच्याकडून कळायला नको.

ती म्हणाली, "जेरोमने पाठवलं नाही, मी आपणहून आले. त्याच्या भाचीचं लग्न आहे ना? ते पाणी आणायचं असतं, ते नक्की कधी, किती वाजता, आणि कुठे?"

मी म्हटलं, "तुम्हाला काय करायचंय? ज्याला यायचं नाही त्याने चौकशा करू नयेत."

तर ती म्हणाली, "यायचं नाही? सेलीन, त्याला येता येत नाही. त्याच्याकडे कागद नाहीत, कधीच नव्हते. तो या बाजूला आला तर परत घरी जाऊ शकणार नाही. तुम्हाला हे माहीत असेल असं आम्ही समजत होतो."

आम्ही! जेरोम, हा 'आम्ही' किती मोठा आहे ते तिने मला दारात उभ्या उभ्या सांगितलं. न्हाव्याला माहीत आहे. चर्चच्या फादरला माहीत आहे. गॅस स्टेशनवाल्याला माहीत आहे, म्हणून तो तुला गाडी चालवू देत नाही, स्वतः सोडतो. पाट्या लावणाऱ्यांनाही माहीत आहे. मी विचारलंच तिला, मग त्या पाट्या कशाला लावता? तर खांदे उडवून म्हणाली, "ते वेगळं. जेरोम आमचा आहे." याला अक्कल म्हणायची की काय म्हणायचं! त्यांच्या शहाण्या पोलिसालासुद्धा माहीत आहे. तुझी सायकल दिसली की तो मान वळवतो.

अख्ख्या गावाला माहीत. माझ्या नवऱ्याच्या कुत्र्यालाही बहुतेक माहीत असेल. फक्त सख्ख्या बहिणीला नाही.

आईशी खोटं बोललास ते मला कळतं. ती काळजीने अर्धी झाली असती. पण स्पीकरवर मी पण होते ना? नंतर मी चार वेळा तिकडे आले, तुझ्या त्या गळाला लावायची आमिषं विकणाऱ्या दुकानामागच्या शेडमध्ये बसून तू केलेला काळा चहा प्यायले. तेव्हा तोंड उघडलं असतंस तर? मातीच्या दिवशी उघडलं असतंस तर? मी तीन वर्षं तुला भर फॅमिलीत दगड म्हणत फिरले. तू मला ते म्हणू दिलंस! एवढा राग मला तुझा आधी कधी आला नव्हता.

शेवटी डोरीनला म्हटलं, "शुक्रवारी अठराला, संध्याकाळी पाच, या घरासमोरच. सांगा त्याला. बघत बस म्हणावं काठावरून, त्याच्या गावासारखा." आणि दार लावलं. तो ब्लूबेरीचा पाय मात्र ठेवून घेतला. बरा होता.

सेलीन

२१ ऑगस्ट २०१७

जेरोम,

लग्न झालं. नायजेलने 'आय डू' एवढ्या जोरात म्हटलं की फादर दचकले. मंडळी काल गेली. डिशवॉशर तिसऱ्यांदा चाललाय, पास्कल खुर्चीत झोपलाय, आणि मी हे लिहितेय. तुझ्या बाजूने तू बघितलंस, आता माझ्या बाजूने काय झालं ते ऐक.

पाचला आम्ही काठावर. सगळ्या बायका लुगडी नेसलेल्या. मी आईचं लाल लुगडं काढलं होतं. शेजारचे कॅनेडियन कॅमेरे घेऊन आले. फ्लोरीमावशीची चाकं गवतात रुतली, दोघांनी उचलून आणली. आणि बँड नाही! ब्रॅम्प्टनचे वाजवणारे चारशे एक नंबरच्या हायवेवर अडकले, पुढे कुठेतरी ट्रक आडवा झालेला. उंबराचं पाणी आणि मुकं! मयताला तरी आपल्यात वाजवतात. फ्लोरीमावशी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मामा नाही, बँड नाही, मग आलोय कशाला?" पास्कलचा चुलतभाऊ पँट वर दुमडून तयार. मी त्याच्या हातात तांब्या दिला.

तेवढ्यात पलीकडे ढोल वाजला.

पास्कलच्या गळ्यातली दुर्बीण ओढून बघितलं तर तुमच्या पार्कात पोरं रांगेने उभी. लाल कोट, सोनेरी बटणं, डोक्यावर ते पिसांचे डबे, ऑगस्टच्या त्या उन्हात! पुढे डोरीन, हात वर केलेला. आणि वाजवायला लागली ती काय, आपली पाण्याची चाल. आपली! गिरीजच्या आळीतली, बस्त्यावमामाच्या वेळची. तू त्यांना तोंडाने म्हणून शिकवलीस ना? दुसऱ्या ओळीत वर जाताना तू लहानपणापासून चुकतोस, तिथे ती अख्खी फौज चुकली. तेव्हा मला कळलं की हे काम तुझंच.

फ्लोरीमावशी चाकाच्या खुर्चीत नाचायला लागली. क्रिस्टा ओरडली, "मॉम! इज दॅट हिम?"

तो तूच होतास. काळा सूट, तो कुणाचा घेतलास? बाह्या बोटांपर्यंत आल्या होत्या. तू दगडांवरून खाली उतरत होतास, आणि तेवढ्यात तुझ्यामागे पोलिसाची गाडी येऊन थांबली. वरचे दिवे चालू. मला वाटलं संपलं सगळं, आणि माझ्यामुळे संपलं. वेळ मीच सांगितली, जागा मीच सांगितली. मी तोंडाने 'पळ, पळ' म्हणत होते. आठशे मीटर नदी, कुणाला ऐकू जाणार? पोलीस उतरला. टोपी काढून गाडीवर ठेवली. आणि दगडावर शेवाळ होतं म्हणून तुझ्या दंडाला धरून तुला खाली उतरवलं मेल्याने.

मी तशीच गवतात बसले. लुगड्याला डाग पडलाय, तो निघत नाही.

पुढे तू गुडघाभर पाण्यात गेलास, आणि हातात काय होतं? आमिषाची बादली! निळी, बाहेर किड्याचं चित्र असलेली! माझ्या पोरीच्या लग्नाचं पहिलं पाणी तू गळाच्या किड्यांच्या बादलीत घेतलंस. गावात एक तांब्याचं भांडं मिळालं नाही? पण घेतलंस. डोक्यावर धरलीस, आणि क्रूस करून पाणी परत नदीत सोडलंस.

आणि त्याच वेळी जहाज आलं. ते लांबच लांब, लोखंडाची माती वाहणारं. आपल्या दोघांच्या मधून चाललं, चाललं, संपेना. तुझं गाव, टाकी, पोरं, तू, सगळं त्याच्यामागे गेलं. बँड मात्र ऐकू येत होता. पास्कलचा चुलतभाऊ म्हणाला, "बुडवू का?" मी म्हटलं, "हात लावशील तर बघ." मला एकच भीती, जहाज गेल्यावर तू तिथे नसशील. तू जन्मभर तेच केलंस. जहाज येतं आणि तू नसतोस.

जहाज गेलं. तू तिथेच होतास. तशाच ओल्या पँटमध्ये, रिकामी बादली धरून. बँडही तिथेच. पोलीसही. आइस्क्रीमचं दुकान बंद करून ती माणसं आली होती, गाड्यांच्या आवारातला तो झेंडेवालाही आला होता. आणि सगळे हात हलवत होते.

मग जहाजाची लाट आमच्या काठाला आली. चांगली मांडीपर्यंत. बायका किंचाळत मागे पळाल्या. मी चुलतभावाच्या हातातून तांब्या ओढला आणि त्या लाटेत बुडवला. त्याच पाण्याने क्रिस्टाची आंघोळ झाली. फ्लोरीमावशीने सगळ्यांना सांगितलं, पहिलं पाणी मामाने काढलं. तिच्यापुढे कोण बोलणार?

आता नीट ऐक. मी तुला माफ केलेलं नाही. खोटं बोललास आणि मला खोट्यात ठेवलंस, याचा हिशेब व्हायचाय. तुझ्या गावालाही माफ केलेलं नाही. त्यांनी वीस वर्षं माझा भाऊ सांभाळला आणि मला कळू दिलं नाही, हे काय चांगलं केलं? आणि तो बँड बेसूरच आहे. आपली चाल होती म्हणून ऐकून घेतली.

तू आईच्या थडग्यापाशी येऊ शकत नाहीस हे कळलं. म्हणजे माझी शपथ कधी सुटणारच नाही. काल चर्चमध्ये मिसा झाल्यावर मी एकटी तिच्याकडे गेले आणि सांगितलं की मोडतेय. पुढचं मी आणि ती बघून घेऊ.

रविवारी पहिल्या फेरीने येतेय. बरोबर फुगे आणतेय, पण ते डोरीनला आणि त्या पोलिसाला. तुला उरले तर. कुठे जाऊ नकोस, दुकानामागच्या शेडमध्येच थांब आणि दार लावून ठेव. आल्या आल्या मी आधी तुझ्या दोन थोबाडीत देणार आहे, आणि ते भर रस्त्यात, तुझ्या गावासमोर, बरं दिसणार नाही.

तुझी बाय